कारवटचे श्वास

त्या सुमारास पुण्यात कुणाला वय विचारलं, की समोरचा आधी विचारायचा, "कागदावरचं की फुंकणीवरचं?"

फुंकणी हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारदरबारी तिला श्वासगणना नलिका म्हणत. पण वीतभर लांबीच्या त्या पांढऱ्या नळीत गाल फुगवून फुंकायचं म्हटल्यावर दुसरं नाव टिकणं शक्यच नव्हतं. नळीच्या आत बसवलेला संवेदक श्वासातले शेकडो सूक्ष्म वायू वेगळे करायचा आणि दोन गोष्टी सांगायचा. एक, श्वासमुद्रा. ती बोटांच्या ठशासारखी ज्याची त्याची वेगळी, त्यामुळे एक माणूस दोनदा मोजला जात नसे. दुसरी, श्वासवय. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत आता उंचीच्या शेजारी श्वासवय छापलेलं असे. श्वासगणना संचालनालयाच्या कॅन्टीनमधल्या भालेरावांना फुंकणीने कागदापेक्षा तीन वर्षांनी मोठं ठरवलं होतं आणि त्यावरून त्यांची रोज चेष्टा व्हायची.

हा सगळा खटाटोप केला, त्याला कारण होतं. जनगणनेत वय विचारलं की आपल्याकडे बरीच माणसं गोल आकडा सांगतात. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. जुन्या तक्त्यांमध्ये पन्नासाला उंच मनोरा आणि एकोणपन्नासाला, एक्कावन्नाला खड्डा, असंच चित्र असायचं. तशा वयांवरून शाळा किती लागतील, दवाखाने किती लागतील हे ठरवायचं म्हणजे सगळाच अंदाजपंचे कारभार. म्हणून यंत्र आलं. पुढच्या वर्षापासून वृद्धांच्या सगळ्या योजना श्वासवयावरच चालणार, असंही ठरलं होतं.

मृण्मयी शेवाळे या संचालनालयात संख्याशास्त्रज्ञ होती. तिच्याकडे काम होतं जुळणी पाहण्याचं. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसुली मंडळांपैकी प्रत्येकासाठी संगणक आधी एक हिशेब मांडायचा. मागच्या गणनेतली माणसं, त्यात जन्मलेली धरायची, गेलेली वगळायची, येणारी-जाणारी बघायची. त्यावरून आज प्रत्येक वयोगटात किती माणसं असायला हवीत, तो रकाना 'अपेक्षित'. फुंकणीने प्रत्यक्षात किती मोजली, तो रकाना 'प्रत्यक्ष'. प्रत्येक गटातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येने भागायचं आणि सगळ्या गटांची बेरीज करायची. बेरीज लहान आली तर जुळलं. ठरावीक मर्यादेच्या पुढे गेली तर त्या मंडळाचं नाव पडद्यावर लाल व्हायचं.

या चाचणीला काय-वर्ग चाचणी म्हणतात. कॉलेजात असताना तिचे सर गमतीने सांगायचे की हिच्या नावातच हिची मर्यादा आहे. काय झालं ते ही सांगते. का झालं ते विचारायला दुसरीकडे जावं लागतं.

त्या सोमवारी बावीस मंडळं लाल होती. मृण्मयीला त्याचं काही वाटलं नाही. मर्यादा आखतानाच ती अशी आखलेली असते, की सगळं सुरळीत असलं तरी शंभरातलं एखादं मंडळ केवळ योगायोगाने तिच्या बाहेर पडावं. दोन हजार नाणेफेकी केल्या तर कुठेतरी सलग सात वेळा छापा पडणारच. तिने चहा पिता पिता एकेक मंडळ उघडून पाहिलं. एकवीस मंडळं रेषेच्या जरा पलीकडे होती, दारात उभी असल्यासारखी. बाविसावं होतं कारवट, सह्याद्रीच्या कुशीतलं, वाकी ओढ्याच्या खोऱ्यातलं. त्याची बेरीज इतकी मोठी होती, की तिला आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. तिने दुसऱ्या फेरीचे श्वास मागवले, वेगळ्या नळ्यांनी घेतलेले. तेही तसेच आले.

माणसं मोठ्या संख्येने मोजली असली की बारीकसा फरकही या चाचणीत मोठा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून बेरीज बाजूला ठेवून तिने गट पाहिले. फरक बारीक नव्हता. मंडळातली एकूण माणसं अगदी बरोबर होती, नऊ हजारांच्या आसपास. पण पंचावन्नच्या पुढचे गट जवळजवळ ओस पडले होते आणि चाळिशीच्या गटांत दाटी झाली होती. जणू कुणी म्हाताऱ्या माणसांना उचलून दोन-तीन पायऱ्या खाली आणून बसवलं होतं.

संचालक विश्वंभर पाचपुते यांनी तो तक्ता पाहिला आणि त्यांना शंका उरली नाही. शांत, मितभाषी माणूस, पण फसवणुकीची त्यांना मनापासून चीड होती. त्यांच्या मते म्हातारी माणसं केव्हाच वारली होती. घरच्यांनी योजनांच्या पैशांसाठी ती कागदावर जिवंत ठेवली आणि त्यांच्या नावाने बाहेरची चाळिशीतली माणसं आणून फुंकवली. कारवटची गणना ज्या अंगणवाडी सेविकेने केली, त्या आराध्या शेलार हिला नोटीस गेलीच होती. आता गुन्हा दाखल करायचा आणि मंडळाची गणना रद्द करायची, असा आदेश त्यांनी तयार ठेवला. गणना रद्द म्हणजे पुढची होईपर्यंत ती नऊ हजार माणसं सरकारच्या लेखी नसल्यात जमा.

मृण्मयीला हे पटेना. तिने बायका आणि पुरुष वेगळे करून पाहिले होते. पुरुषांमध्ये तफावत होती, पण बायकांमध्ये ती जवळपास दुप्पट होती. फसवणूक करायची तर लोक मुद्दाम बायकाच जास्त का निवडतील? आणि वेगळ्या नळ्यांनी घेतलेल्या दुसऱ्या फेरीतही त्याच श्वासमुद्रा होत्या. भाड्याने आणलेली शेकडो माणसं महिन्याभराने पुन्हा तिथेच कशी सापडतील? तिने हे सगळं पाचपुत्यांपुढे मांडलं आणि स्वतः जाऊन बघण्याची परवानगी मागितली. त्यांनी थोडा विचार करून आदेश खणात ठेवला. खोऱ्यातल्या जत्रेनंतर तो निघेल, असं त्यांनी बजावलं.

घाटरस्ता कारवटलाच संपत होता. त्याच्या पुढे कुठे जायचंच नसल्याने वाटेत गाड्याही नव्हत्या. मृण्मयीच्या सोबत तालुक्याच्या रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ डॉक्टर इंगवले होते. श्वासाशी संबंध नसलेलं, वयाचं दुसरं काहीतरी माप तिला हवं होतं, आणि ते डोळ्यात असतं. डोळ्यातलं भिंग वर्षागणिक ताठर होत जातं, आणि त्यात शहर, खेडं, गरीब, श्रीमंत असा फारसा भेद नसतो. म्हणून तर जवळचं वाचायच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात. इंगवल्यांकडे भिंगाची लवचीकता मोजणारं छोटं उपकरण होतं.

आराध्या पस्तिशीची, अंगाने बारीक, बोलायला मोजकी. नोटिशीचा तिने उल्लेखही केला नाही. तिने वाडीवाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांना अंगणवाडीत बोलावून ठेवलं होतं. इंगवले दुपारपर्यंत डोळे तपासत राहिले. ज्यांचं श्वासवय पंचेचाळीस होतं त्यांची भिंगं पासष्टीची निघत होती. गुडघेदुखी होती, केस पिकले होते, दोघातिघांना ऐकू कमी येत होतं. ती माणसं खरोखरच म्हातारी होती आणि जिवंत होती. कुणीही कुणाच्या नावाने फुंकलेलं नव्हतं.

मृण्मयीने तिथूनच पाचपुत्यांना फोन करून हे कळवलं. त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, माणसं खरी असतील तर यंत्र खोटं आहे, आणि यंत्र खोटं असेल तर ते राज्यभर बरोबर कसं चालतं याचं उत्तर घेऊन या.

फोन ठेवल्यावर आराध्याने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, की मॅडम, तुमच्या त्या चाचणीने आम्हाला पकडलं तरी कसं? मृण्मयीने तिला अंगणवाडीचंच उदाहरण दिलं. समज साठ मुलं आहेत. बारा महिन्यांत वाढदिवस साधारण सारखे वाटले जावेत, महिन्याला पाच. कुठे चार आले, कुठे सात आले, तर आपण म्हणतो चालायचंच. पण एकट्या कार्तिकात वीस आले तर? तेव्हा चाचणी घंटा वाजवते.

"मग मी विचारीन," आराध्या म्हणाली, "त्याच्या नऊ महिने आधी गावात काय झालं होतं?"

मृण्मयी हसली. हाच प्रश्न तिला हवा होता. इथे काय झालं होतं?

संध्याकाळी आराध्या तिला आपल्या चुलतसासूकडे चहाला घेऊन गेली. रंजनाकाकू शेलार, वय सहासष्ट, फुंकणीवर पंचेचाळीस. त्या माजघरात बसून गोधडीला टाके घालत होत्या आणि सुईत दोरा ओवायला त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि विजेच्या शेगडीवर आधण ठेवलं. मृण्मयी दारात उभी राहून बोलत होती. बोलता बोलता तिची नजर वर गेली.

घर पन्नासेक वर्षांचं होतं. वासे हाताने तासलेले, कौलं मंगळुरी. पण वासे पिवळट, लाकडाच्या मूळ रंगाचे होते. गणनेच्या कामासाठी मृण्मयीने राज्यातली शेकडो खेडी पालथी घातली होती. एवढ्या जुन्या घरात स्वयंपाकघराचे वासे काळे कुळकुळीत असतात, हात लावला तर बोटाला काजळी येते. गॅस आलेल्या घरांतसुद्धा मागच्या पडवीत चूल असतेच, पाणी तापवायला, भाकरीला. तिने विचारलं, काकू, चूल कुठे आहे?

"चूल न्हाई आमच्यात," रंजनाकाकू म्हणाल्या. "मी लगीन होऊन आले तवाबी नव्हती. माझ्या आईला काळजीच पडली होती, पोरीला कसल्या घरात दिली म्हणून."

मग चहा पिताना त्यांनी ती हकिगत सांगितली. त्यांच्या लग्नाच्या आधी काही वर्षं एका कंपनीने वरच्या पठारावरच्या तळ्याचं पाणी नळाने खाली आणून वाकी ओढ्यावर छोटं वीजघर बांधलं. वीज घाटाखाली नेऊन विकायची होती. वीजघर चालू झालं आणि त्याच पावसाळ्यात दरड कोसळून विजेच्या तारांचे मनोरे वाहून गेले. पुन्हा उभे केले, पुन्हा गेले. कंपनीने नाद सोडला. यंत्र मात्र तिथेच राहिलं. गावातल्या ज्या दोघातिघांनी तिथे काम केलं होतं, त्यांनी ते चालू ठेवलं. पण एवढी वीज घेऊन करायचं काय? खोऱ्यातल्या घरांमध्ये तेव्हा दोन-दोन दिवे होते. ग्रामसभेत पुरुषमंडळी यावर तासन् तास वाद घालत बसली. वीज बाहेर पाठवता येईना, साठवून ठेवता येईना.

"आमच्या सासूबाई तिथं पाणी वाढत व्हत्या," काकू म्हणाल्या. "त्यांना सैंपाकाला उशीर व्हत व्हता. त्या वैतागून म्हणल्या, बाहेर जात न्हाई, साठत न्हाई, तर घाला ती वीज चुलीत."

सगळी सभा हसली. आणि मग एकाएकी हसायची थांबली. पुढच्या दोन वर्षांत खोऱ्यातल्या घराघरांत तारेच्या शेगड्या आल्या. लाकडं तोडायला रानात जाणं थांबलं, चुली फोडून त्या जागी ओटे झाले. वैशाखात तळं खाली जातं तेव्हा वीज पुरवून वापरावी लागे, दिवसातून एकदाच स्वयंपाक. तरीही चूल परत आली नाही. खोऱ्यात उसाची गुऱ्हाळं नव्हती, खडीच्या खाणी नव्हत्या, शेतात पालापाचोळ्याचा राब जाळायची चालही पुढे बंद झाली. दोन पिढ्या या माणसांनी धूर असा घेतलाच नव्हता.

मृण्मयीच्या हातातला चहा निवला. एक विचार तिच्या मनात आला होता आणि तो इतका मोठा होता, की त्याच्यावर विश्वास ठेवायची तिला घाई नव्हती. कारण दुसरंही असू शकलं असतं. ओढ्याचं पाणी, खाणंपिणं, नाहीतर रक्तातलंच काही. वेगळं करून पाहायचं तर एकच वाट होती. इथे जन्मलेल्या पण इथे न राहिलेल्या बायका. खोऱ्यातल्या लेकी, ज्या लग्न होऊन घाटाखाली गेल्या.

जत्रेला माहेरवाशिणी येतात. आराध्याने निरोप धाडले, आणि पालखीच्या आदल्या दिवशी देवळामागच्या शाळेत त्या जमल्या. दीडशेच्या वर होत्या. काही चाळिशीच्या, बऱ्याच पन्नाशी-साठीच्या. हसत, एकमेकींना ढकलत त्यांनी फुंकणीत श्वास सोडले. त्यांच्या मागोमाग इंगवले भिंग तपासत होते. त्यांच्या भिंगावरून आलेली वयं अपेक्षित धरून मृण्मयीने तिथेच शाळेच्या बाकावर बसून जुळणी केली. बेरीज अगदी लहान आली. फुंकणीने त्यांची वयं बरोबर सांगितली होती, राज्यातल्या इतर कुठल्याही बायकांची सांगते तशी. याच खोऱ्याच्या मुली, याच रक्ताच्या, लहानपणी याच ओढ्याचं पाणी प्यायलेल्या. घाटाखाली गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांत त्यांचे श्वास सगळ्यांसारखे झाले होते.

रंजनाकाकूंची पाठची बहीण शालन त्याच दिवशी बहिणीला भेटायला आली होती. दोघींचं माहेर घाटाखालचं. लहानपणी दोघींनी एकाच चुलीपुढे भाकऱ्या थापल्या होत्या. मग थोरली खोऱ्यात दिली गेली, धाकटी देशावर. शालन त्रेसष्टची होती. शाळेत सगळ्याजणी फुंकतायत म्हणून तिनेही नळी तोंडाला लावली. पहिल्यांदा खोकला आला, दुसऱ्यांदा नीट झालं. पडद्यावर आकडा आला, पासष्ट. शेजारी थोरलीचा आकडा होता, पंचेचाळीस.

कुणीतरी थट्टा केली, की आता रंजनानेच शालनला अक्का म्हणायचं. बायका हसल्या. शालनही हसली. मग गर्दी जरा पांगल्यावर ती मृण्मयीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझी परत एकदा घ्या. मी नीट फुंकलं नसंल."

मृण्मयीने पुन्हा घेतली. आकडा तोच आला. शालनने तो वाचला, मान हलवली आणि पदराने नळीचं टोक पुसून ती परत दिली. रंजनाकाकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सरकून बहिणीला जागा करून दिली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

पुण्याला परत आल्यावर मृण्मयीने फुंकणी घडवली गेली त्या मूळ नमुन्याकडे वळून पाहिलं. यंत्राला वय ओळखायला शिकवताना राज्यभरातून चाळीस हजार माणसांचे श्वास घेतले होते, ज्यांची जन्मतारीख पक्की होती अशांचे. शहरातली माणसं होती, खेड्यातली होती, गिरणगावातली, साखरपट्ट्यातली. नमुना चोख निवडलेला होता, कुणी काही लबाडी केली नव्हती. फक्त त्या चाळीस हजारांत धूर न खाल्लेला माणूस नव्हता. कुणी रस्त्याचा खाल्ला होता, कुणी चुलीचा, कुणी भट्टीचा. तीस वर्षांच्या माणसाने तीस वर्षांचा, साठ वर्षांच्या माणसाने साठ वर्षांचा. यंत्राला सांगितलं, हे वय आहे. यंत्राने जे दिसलं ते वय म्हणून शिकून घेतलं. मग ते सगळीकडे जुळत गेलं, कारण सगळीकडे धूर होता.

आता तिने उलटं करून पाहिलं. कारवटच्या माणसांचे श्वास आणि त्यांच्या भिंगांवरून ठरलेली वयं घेऊन तिने नवी मोजपट्टी तयार केली, आणि त्या पट्टीने सगळं राज्य पुन्हा मोजलं. संगणक काही वेळ चालत राहिला. पडद्यावर एकेक मंडळ लाल होत गेलं. आधी साखरपट्टा, मग खाणींचा भाग, मग शहरं. शेवटी एक कारवट सोडलं तर सगळा नकाशा लाल झाला. त्या पट्टीप्रमाणे राज्यातले पुरुष दहा-बारा वर्षांनी म्हातारे होते आणि बायका पंधरा-वीस वर्षांनी. चाळिशीच्या गटातल्या बायका साठीच्या गटात जाऊन बसल्या होत्या. मृण्मयी स्वतः चाळिशीतलीच होती.

दुसऱ्या दिवशी ती पाचपुत्यांच्या खोलीत गेली तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आराध्या शेलारवरची नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यांनी तिच्यासमोरच सही करून दिलं. खणातला आदेश काढून फाडला. मग त्यांनी मंत्रालयातून आलेली सूचना सांगितली. कारवटपुरती एक स्थानिक दुरुस्ती लावायची. तिथल्या श्वासवयात ठरावीक वर्षं मिळवली की तेही मंडळ जुळेल. कुणाचं नुकसान नाही, कुठला गोंधळ नाही. पुढच्या वर्षी योजना ठरल्याप्रमाणे सुरू होतील.

मृण्मयी म्हणाली की तसं करता येईल. नकाशावर योगायोगाच्या ठिपक्यांखेरीज काही लाल उरणार नाही. आणि मग हे कुणाच्या कधी लक्षातही येणार नाही.

पाचपुते दोन्ही नकाशे समोर ठेवून बसले होते. एक जवळजवळ सगळा हिरवा, एक जवळजवळ सगळा लाल. त्यांनी लाल नकाशावर नेवाशाच्या बाजूला बोट ठेवलं. त्यांचं गाव तिकडे होतं, हे मृण्मयीला तेव्हाच कळलं.

"आई एकसष्टाव्या वर्षी गेली," ते म्हणाले. "सात माणसांचं घर. पहाटे चूल पेटायची ती दुपारीच विझायची. शेवटी शेवटी तिला अंगण ओलांडलं तरी दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. आम्हीही म्हणालो, वय झालंय. तेराव्याला लोक म्हणाले, सोन्यासारखी गेली, वयानं गेली."

ते थांबले. त्यांचं बोट नकाशावरच होतं.

"तुमच्या या दुसऱ्या पट्टीनं तिचं वय किती होतं, सांगता येईल?"

मृण्मयीने खरं तेच सांगितलं. त्यांच्या आईचा श्वास कुणी नोंदवला नव्हता, त्यामुळे सांगता येणार नाही. ती गेली त्या दिवशी कारवटमध्ये तिच्या वयाच्या बायका जत्रेची तयारी करत असतील, एवढं मात्र म्हणता येईल.

खिडकीखालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. पाचपुते उठून खिडकी लावून आले.

"चाचणी काय म्हणते मग?" त्यांनी विचारलं. "कोणता नकाशा खरा?"

"चाचणी ते सांगत नाही, सर. आपण एक अपेक्षा ठेवायची, आणि जे आहे ते तिच्याशी जुळतं की नाही, एवढंच ती बघते. अपेक्षा कोणती ठेवायची, ते आपल्यावर आहे."

पाचपुत्यांनी हिरवा नकाशा उचलला, पालथा घातला आणि लाल नकाशा जवळ ओढला. मंत्रालयाच्या सूचनेचा कागद तसाच कडेला पडून होता. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही. लाल नकाशाच वर पाठवायचा म्हणून त्याच्यावर सही करायला त्यांनी पेन उघडलं, आणि उघडं पेन हातात धरूनच ते मृण्मयीला म्हणाले,

"मग इतकी वर्षं आपण काय धरून चाललो होतो?"